कृष्णातरावांचं बिनछताचं घर

कृष्णातराव पाटील आमच्याकडे चहाला आले की आधी दाराचं माप घेतात आणि मग चपला काढतात. इतर निवृत्त माणसं शर्टाच्या खिशात चष्मा ठेवतात, तिथे यांची स्टीलची टेप असते. ती सर्रकन बाहेर येते, चौकटीला लागते, कृष्णातराव ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि टेप परत खिशात जाते. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना वाटलं, हे गिऱ्हाईक आहे आणि मी तिला न विचारता फ्लॅट विकायला काढलाय. त्या आठवड्यात मला आमटीत मीठ मागून घ्यावं लागत होतं.

"अंदाज नगं सर, माप पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उभी नोकरी त्यांनी दूध संस्थेत सचिव म्हणून काढली. तिथे म्हणे लोक दुधापेक्षा अंदाजच जास्त घालायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरताना आमची ओळख झाली. ते आमच्या इमारतीमागच्या बैठ्या घरात भाड्याने राहायचे, वर्षानुवर्षं.

एके दिवशी ते काखेत लॅपटॉप मारून आमच्याकडे आले. पुण्याच्या मुलाने स्वतःला नवा घेतला आणि जुना यांना व्हिडिओ कॉलसाठी देऊन टाकला होता. टेबलावर तो ठेवत त्यांनी विचारलं, "सर, एक्स्ट्रूड म्हंजे काय वो?"

"म्हणजे दाबून बाहेर काढणे," मी म्हणालो.

"शेवया काढत्यात तसं?"

"तसंच."

"मग तसं म्हणा की. पावणं उगंच अवघड करतंय."

हे पावणं म्हणजे व्हिडिओतला मास्तर. कुठल्या देशाचा कोण जाणे, लाल दाढीचा एक तरुण. संगणकावर त्रिमितीय वस्तू कशा बनवायच्या ते तो फुकट शिकवायचा. सॉफ्टवेअरही फुकट होतं. तो पडद्यावर येऊन "हॅलो एव्हरीवन" म्हणाला की इकडून कृष्णातराव न चुकता म्हणायचे, "बोला पावणं." तो भराभर बोलायला लागला की हे त्याला थांबवायचे. "दम खा की जरा. गाडी चुकतीया का तुजी?" आणि मग माझ्याकडे वळून, "काय म्हणाला?"

मी आयुष्यभर मुलांना क्रियाविशेषणं शिकवली. व्हर्टेक्स, मेश, सबडिव्हिजन हे शब्द मी कधी वापरले नव्हते. शब्दाचा अर्थ मी सांगायचो, तो कुठे लावायचा ते कृष्णातराव धडपडून शोधायचे. बहुतेक वेळा चुकीच्या जागी लावायचे.

पाहुण्याने पहिल्या धड्यात मधे भोक असलेला एक गोड पाव करायला शिकवला. कृष्णातरावांनी त्याचा मेदूवडा केला. "असला पाव हितं कोण खातंय?" पण तो वडा काही केल्या तांबूस होईना, हिरवाच राहायचा. मंगलवहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आज वडा जमला."

वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "खायजोगा झाला की हाक मारा."

मग त्यांनी म्हैस करायला घेतली. त्यासाठी ते गोठ्यागोठ्यात जाऊन म्हशी पुढूनमागून बघायला लागले. एका गवळ्याने मला गाठून विचारलं, "सर, ते सचिव नीट हायत न्हवं? म्हशीच्या मागं बसून ऱ्हात्यात." म्हैस अखेर तयार झाली, पण तिचा मागचा पाय पोटातून आरपार जाऊन पाठीवर निघाला होता. कृष्णातराव बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "धार काढाया बरी पडंल. लाथ बसायची न्हाय."

हे सगळं निवृत्तीचं खूळ आहे अशी माझी खात्री होती. कुणी भजनी मंडळात जातं, कुणी व्हॉट्सॲपवर सुविचार पाठवतं. त्या मानाने यांचा कुणाला त्रास नव्हता. फक्त माप घेण्याचा नाद वाढत चालला होता. त्यातच, त्यांचा घरमालक बरेच दिवस बैठं घर पाडायचं म्हणत होता, ते अखेर ठरलं आणि कृष्णातरावांनी आमच्याच आवारात नव्याने उठणाऱ्या इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मग तर सिमेंट ओलं असल्यापासून ते तिथे टेप घेऊन हजर. गवंडी त्यांना लांबून बघून शिडीवरून उतरायचे.

एकदा मी सहज वर गेलो तर कृष्णातराव डोळ्यांवर टॉवेल बांधून रिकाम्या फ्लॅटमध्ये हात पुढे करून चालत होते. माझ्यादेखत ते स्वयंपाकघराच्या कट्ट्याला कंबरेत धडकले. टॉवेल काढला, टेप काढली आणि दारापासून कट्ट्यापर्यंतचं अंतर मोजलं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"बगतोय कुठं लागतंय ते," एवढंच म्हणाले आणि टॉवेल पुन्हा बांधला. मी गुपचूप खाली आलो. गवळ्याचा प्रश्न मला पहिल्यांदाच रास्त वाटला.

त्यानंतर महिन्याभराने ते म्हणाले, "सर, घर झालं. आता हातात घ्यायजोगं पायजे." म्हणजे संगणकावर काढलेलं घर छापून हवं होतं, त्रिमितीत, प्लॅस्टिकचं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत माझी एक जुनी विद्यार्थिनी, अर्चना, एका कारखान्यात डिझाइनचं काम करते. तिच्या ओळखीने तिथलं यंत्र वापरायला मिळेल म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. वाटेत त्यांनी पेन ड्राइव्ह मुठीत धरला होता. खिशात टेप असल्यामुळे जागा नसावी.

अर्चनाने फाइल उघडली. पडदा रिकामा. तिने मोठं केलं, आणखी मोठं केलं, तेव्हा मधोमध एक ठिपका दिसला.

"काका, हे घर मुंगीलासुद्धा अपुरं पडेल."

कृष्णातरावांचा चेहरा उतरला. एवढी मापं घेऊन ते मीटर आणि मिलिमीटरमध्ये फसले होते. पण अर्चना गुणी मुलगी. तिने दोन-चार बटणं दाबली आणि ठिपक्यातून घर उभं राहिलं. खोल्या, दारं, ओटा, पलंग, खिडक्या, सगळं होतं. मी चाट पडलो. म्हशीचा पाय पोटातून घालवणाऱ्या माणसाने हे कधी शिकून घेतलं?

अर्चनाने घर फिरवून बघितलं आणि म्हणाली, "काका, छत राहिलंय."

"छत नगं."

"मग घर पुरं कसं होणार?"

"छत घातलं तर तिचा हात आत कसा जाणार?"

अर्चनाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी खुर्चीत बसलो.

मंगलवहिनींना काचबिंदू आहे हे मला ठाऊक होतं. उजेड-अंधार तेवढा कळतो, बाकी सगळं गेलं, हेही ठाऊक होतं. पण ती बाई आपल्या जुन्या घरात अशी वावरायची की माणूस विसरून जायचा. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत उतरवायची, दारात आलेल्याला पायरवावरून ओळखायची. ते घर तिच्या हातापायांना पाठ होतं. ते घर आता पडणार होतं.

कृष्णातराव अर्चनाच्या टेबलाकडे बघत सांगत होते. "हातकणंगल्याला भाचीच्या लग्नाला गेलतो. पावण्यांचं घर. हिला एका खुर्चीवर बसवलं, ती सांजपतोर तिथंच. पाणी दिलं तर प्याली न्हाय. मी म्हणालो, पी की, ऊन लय हाय. तर म्हणाली, पाणी प्यालं की मोरीला जायला लागंल, आन् मोरी कुठं हाय ते कुणाला विचारू?" त्यांनी खिशातली टेप चाचपली. "घरी आलो आन् लॅपटॉप उघडला."

मग अर्चना म्हणाली, "भिंती जरा जाड करूया काका. हात फिरला की मोडायला नकोत."

यंत्राने घर तुकड्यातुकड्यांनी छापलं, अर्चनाने ते जोडलं. पुढच्या आठवड्यात परातीएवढं पांढरं घर टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून, कृष्णातराव कळंब्याला परतले. प्रत्येक खड्ड्याला ते मला "हळू" म्हणत होते.

खरी धाकधूक पुढे होती, कारण मंगलवहिनी नव्या घराचं नाव काढू देत नव्हत्या. "मला न्हेऊन ठेवा तिथं भांड्यागत. ठेवाल तिथं ऱ्हाईन," असं म्हणायच्या आणि मग दिवसभर बोलायच्या नाहीत. कृष्णातरावांनी मला सोबत थांबायला सांगितलं. लग्नाच्या बोलणीलाही हा माणूस एवढा घाबरला नसेल.

त्यांनी ते घर वहिनींच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यांचा हात धरून दारावर नेला. "हे आपलं दार. हितनं आत ये."

वहिनींनी हात सोडवून घेतला. थोडा वेळ बोटं दारातच थांबली. मग त्यांनी पहिली दोन बोटं पायांसारखी उभी केली आणि त्या आत शिरल्या. भिंतीला धरून बोटं सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, गेली, डावीकडे वळली, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी थांबली. पुन्हा मागे आली, पुन्हा गेली. बोटं मोरीपाशी पोचली आणि वहिनींच्या कपाळाला आठी पडली.

"हे दार भायेर उघडतंय व्हय?"

"व्हय."

"मग वाटंतच येणार की माझ्या. कपाळमोक्ष व्हायचा. आत उघडाया लावा."

कृष्णातरावांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्या तोंडावर इतकं सुटल्यासारखं हसू पूर्वी कधी दिसलं नव्हतं. ज्या घरात जायचंच नाही, त्याचं दार बदलायला कुणी सांगत नाही.

दार बदललं. तोवर ते पांढरं घर वहिनींच्या पलंगापाशी असायचं. शेंगा सोलून झाल्या की त्या दोन बोटांनी नव्या घरात एक चक्कर मारून यायच्या.

राहायला गेले त्या दिवशी आम्ही दोघं मदतीला होतो. वहिनी उंबऱ्यावर थांबल्या, उजवा हात भिंतीला लावला आणि म्हणाल्या, "सगळी बाजूला व्हा." त्या सोप्यातून गेल्या, डावीकडे वळल्या, ओट्याला हात टेकला. परत आल्या, मोरीचं दार आत ढकलून बघितलं. कुठे अडखळल्या नाहीत. माझ्या बायकोने पदराने डोळे पुसले. मीही दुसरीकडे बघितलं.

गॅलरीकडे वळताना मात्र त्या कशाला तरी धडकल्या. ते कृष्णातराव होते. वाटेत येऊ नये म्हणून ते मागे मागे सरकत नेमके वाटेतच आले होते.

वहिनींनी त्यांची छाती चाचपली. "हे कोण? हे त्या बारक्या घरात दावलं न्हवतं."

"मी हाय."

"मग एका जागी बसा की. तुमी कुठं असता तेबी मला पाठ कराय पायजे."

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. कृष्णातराव गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसले होते आणि दुपार कलल्याचं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत येत होतं. ते एक हात कपाळावर धरून माझ्याशी बोलत होते. मी उठून म्हणालो, "खुर्ची जरा आत घेऊ का? सावली आहे इकडे."

"नगं सर, ऱ्हाऊ द्या," ते घाईने म्हणाले. "ही हितंच येती."

आतून कपबशीचा आवाज आला. वहिनी चहा घेऊन भिंतीच्या कडेने आल्या, खुर्चीपाशी थांबल्या आणि न चाचपडता मोकळा हात पुढे केला. तो नेमका त्यांच्या खांद्यावर पडला. कृष्णातरावांनी कप घेतला. वहिनींचा हात मात्र काही वेळ तिथेच राहिला, आणि उन्हात डोळे मिटून ते तसेच बसून राहिले.