न खोकणारा भाडेकरू

घर विकत घ्यावं ते कापसाच्या गाड्या जातात त्या वाटेवर, आणि भाड्यानं द्यावं ते माणसाला नव्हे, कापसाला, असं अमरावतीच्या खुशालरावांचं ठाम मत होतं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशांतून खुशालरावांनी बडनेऱ्याच्या वाटेवर दोन घरं घेतली.

"कापूस खोकत नाई, पानी मांगत नाई, चुलीचा धूर करत नाई," ते पारावर बसून सांगत. "आन खोली रिकामी ठेवू नोका. भाडं आगाऊ घ्या, मुदतीआधी कोनाले खोली सोडू देऊ नोका." लोक माना डोलवत.

दोन्ही घरं भरल्यावर त्यांची नजर राहत्या घराकडे वळली. आधी ओसरी गेली, मग बाळंतिणीची खोली. शेवटी कापसाचा व्यापारी ओमप्रकाश शेठनं माजघर मागितलं.

"अवो, अकोल्याचे पाव्हणे आपल्या जमुनेले पाह्याले येऊन राह्यले," त्यांची बायको दुर्गाबाई म्हणाल्या. "त्याइले बसवाचं कुठं? असं स्थळ पुन्हा येनार नाई."

"पाव्हणे परवा येतीन. शेठ आज येऊन राह्यला. सामान सकाळी काढू."

शेठची माणसं त्याच संध्याकाळी आली. त्यांनी घराच्या धाब्याच्या छतावर चढून उजेडाचं भोक मोठं केलं, वरून कापूस ओतला, तुडवला, पुन्हा ओतला. माजघराचं दार आत उघडायचं. सकाळी दुर्गाबाईंनी ते ढकललं, तर तसूभरही हललं नाही. जमुनेचा शालू, सतरंजी, पितळेची भांडी, सगळं कापसाच्या पोटात गेलं होतं.

खुशालराव शेठकडे गेले. "शेठ, दारापुरता तरी काढा."

"कैसे काढू, रावसाहेब? मुदतीआधी खोली सोडाची नाही, ही शर्त तुमचीच. मुदत दिवाळीपर्यंत आहे."

आपली शर्त इतकी पक्की निघालेली पाहून खुशालरावांना क्षणभर बरंच वाटलं. मग जमुनेचा चेहरा आठवला आणि ते घाईघाईनं घराकडे वळले.

दुर्गाबाई तोवर शेजारच्या माणिकबाई माळणीकडे पोचल्या होत्या. वांग्यांचा हंगाम सरल्यानं तिची एक खोली मोकळी होती.

"घ्या ना," माणिकबाई म्हणाली. "भाडं आगाऊ. आन महिनाभर सोडाची नाई. तुमच्याच घरधन्यानं शिकवलं पारावर."

मागोमाग येऊन पोचलेल्या खुशालरावांनी कनवटीला हात घातला.

पाहुणे आले, त्या खोलीत बसले. माणिकबाईच्या सुनेचं लुगडं नेसून जमुनेनं पान-सुपारी दिली. कोपऱ्यात दुर्गाबाईंनी चूल मांडली होती, तिच्यावर पुरणपोळ्या होत होत्या. मुलाचे वडील केशवराव तृप्त होऊन म्हणाले, "पोरगी पसंत हाये." खुशालरावांचा जीव भांड्यात पडला.

"पन व्याहीबुवा, एक इचारतो," केशवरावांनी खोलीभर नजर फिरवली. "अकोल्यात माह्या कापसाले कुठंच जागा नाई. हे खोली लग्नापर्यंत देता का?"

खुशालरावांचे डोळे चमकले. भाडेकरू आपल्या पायानं चालून आला होता, तोही व्याही. त्यांनी तोंड उघडलं.

"नाई जी," चुलीपाशी बसलेल्या दुर्गाबाई आधी बोलल्या. "खोली भरली हाये."

"कोन हाये?"

"आमी. महिनाभर सोडाची नाई." आणि त्यांनी चुलीत एक ओलं लाकूड सारलं.

खोलीत धूर कोंडला. खुशालराव जोरजोरात खोकले आणि त्यांनी पाणी मागितलं.