प्रांजलची हळद आणि आमचा अडकलेला कॉम्प्युटर

मशीन म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जन्मभर मोटारी दुरुस्त केल्यात मी. बंद मोटारीवर नुसता हात ठेवून सांगायचो, बाई, तुझं बेअरिंग गेलंय. त्यामुळे घरातला म्हातारा कॉम्प्युटर चालू होता होता मध्येच अडकायला लागला, तेव्हा मी प्रेमाला म्हटलं, "चहा टाक. तो उकळेपर्यंत चालू करून देतो."

चहा उकळला, पिऊन झाला, कपही विसळून झाले. कॉम्प्युटर होता तिथेच.

आमच्या मुलाने, सर्वेशने, त्यावर लिनक्स घालून ठेवलंय. जुन्या मशीनला तेच झेपतं म्हणाला, आणि स्वतः बोटीवर नोकरीला निघून गेला. समुद्रात त्याचा फोन लागत नाही. एरवी मी त्या खोक्याला हातही लावला नसता, आमचं सगळं मोबाइलवर भागतं. पण संध्याकाळी प्रांजलची हळद होती. प्रांजल म्हणजे प्रेमाची भाची, आजीच्या हाताखाली वाढलेली. ही आजी म्हणजे माझ्या सासूबाई. लग्नघरी हळद दळायला घाणा भरताना ओव्या म्हणाव्यात तर त्यांनीच. अख्खा गाव त्यांना बोलावून न्यायचा. त्या गेल्या वर्षी गेल्या. शेवटच्या आजारपणात त्यांच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या होत्या, आणि त्या ह्या कॉम्प्युटरच्या पोटात होत्या. पोरीने सांगून ठेवलं होतं, "आत्या, आजीचा आवाज ऐकल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही."

मी कॅबिनेट उघडलं. फुंकर मारली, तर सगळी धूळ माझ्याच डोळ्यांत. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. परत बसवली, तर आता तो अडकायच्या आधी शिट्ट्या मारायला लागला. पुन्हा काढली, दाबून बसवली, तेव्हा शिट्ट्या थांबल्या आणि तो पहिल्यासारखा अडकला. ही प्रगती मी प्रेमाला कळवली.

"अहो, स्क्रीनवर काहीतरी लिहून येतंय," ती म्हणाली.

"येऊ दे. मोटारीवरपण कंपनीचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचून मोटार चालते का?"

ती हळदीच्या वाट्या पिशवीत भरत राहिली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी शेजारच्या संघमित्राला हाक मारली. ती अंधेरीला कॉम्प्युटरच्याच ऑफिसात असते. आली, उघडं पडलेलं कॅबिनेट बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काका, वाट लावलीत तुम्ही याची. सरळ फॉरमॅट मारते आणि नवीन सिस्टिम टाकते. आतलं सगळं पुसलं जाईल हां. चालेल ना?"

 तिला थांबवून स्वयंपाकघरात गेलो.  "प्रेमा, आईंचं गाणं जाणार गं."

"गाणं कसं जाईल? गाणं देव्हाऱ्यात आहे."

"देव्हाऱ्यात?"

"दसऱ्याला मी कॉम्प्युटरची पूजा नाही का केली? मागे आईच्या ओव्यांची काळी डबी लटकत होती. सर्वेशनेच दाखवली होती मला. तिथे कोळिष्टकात कशी ठेवू आईला? काढली, पुसली, देवाशेजारी नेऊन ठेवली."

"आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही चालू करा, मग मी आणून लावणारच होते ना."

बाहेर संघमित्राने एव्हाना स्क्रीन वाचली होती. ती हसत होती. "काका, ह्याने तर कधीचं लिहिलंय. 'आजी' नावाची डिस्क सापडत नाहीये, तिच्यासाठी थांबलाय. ती लावल्याशिवाय हा पुढे जाणार नाही."

म्हणजे प्रेमा कॉम्प्युटरसाठी थांबली होती, कॉम्प्युटर डबीसाठी थांबला होता, आणि मी मध्ये बसून खोडरबर घासत होतो. पण खरं सांगतो, मला भरून आलं. आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो, आणि हा म्हातारा दसऱ्यापासून आजीची वाट बघत बसला होता. सकाळपासून सांगतही होता बिचारा. वाचायला कोणाला वेळ होता?

डबीवरचं कुंकू पुसलं, वायर लावली. कॉम्प्युटर निमूट चालू झाला. संघमित्राने ओव्या माझ्या मोबाइलमध्ये घालून दिल्या, आणि आम्ही तिलाही हळदीला घेऊन गेलो.

हॉलमध्ये मी मान ताठ करून मोबाइल माइकला लावला. सासूबाईंचा आवाज आला तशी सगळी बायकामंडळी गप्प झाली. प्रांजलने डोळे मिटले आणि स्वतःच गाल पुढे केला. प्रेमाने पहिली हळद लावली, तेव्हा दोघींचेही डोळे वाहत होते. मला वाटलं, चला, म्हाताऱ्या माणसाच्या हातून आज एक चांगलं काम झालं.

ओवी संपली. रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. माइकवरून सासूबाई स्वच्छ मालवणीत म्हणाल्या, "जावयांनी बटान दाबल्यानी काय? प्रेमा, तू एकदा बघ गो. ह्येंका काय ता जमाचा नाय."

सगळा हॉल हसला. प्रांजल रडता रडता हसली आणि म्हणाली, "आत्या, परत लाव ना."

मी बोट पुढे केलं, तोवर प्रेमाने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला होता. आईचा शब्द तिने आजवर कधी मोडलेला नाही.