द्वारकाबाईंचा परिचय समारंभ

मुलांनो, मांडी घालून ताठ बसा. एका जंगलात, करवंदीच्या जाळीखाली, द्वारकाबाई नावाची रानकोंबडी खुडूक बसली होती. तिची अंडी मुंगसाने केव्हाच पळवली होती. पोटाखाली होते तीन गुळगुळीत गोटे. द्वारकाबाई ते एकवीस दिवस निष्ठेने उबवीत होती आणि जो कोणी ‘ऊठ’ म्हणे त्याला चोच दाखवीत होती.

एकविसाव्या दिवशी सकाळी शेजारच्या एका कोंबडीला ससाण्याने उचलले. मागे चार पिल्ले उरली, कालच अंड्यातून निघालेली. दिवस पौषाचे होते. रात्रीपूर्वी ऊब मिळाली नसती, तर पिल्ले वाचली नसती.

साळुंकीमावशी म्हणाली, “अंधार पडला की गुपचूप द्वारकेच्या पोटाखाली सरकवू. सकाळी तिला ती आपलीच वाटतील. माझ्या आजीपासून असेच चालत आले आहे.”

“गुपचूप?” जंगलाचे अध्यक्ष करकोचेराव एका पायावर उभे राहून म्हणाले. “मावशी, हे सभ्य जंगल आहे. रीतसर ओळख करून दिल्याशिवाय येथे कोणी कोणाच्या पंखाखाली जात नाही.”

दुपारी समारंभ ठरला. पिल्लांना भर उजेडात द्वारकाबाईपुढे रांगेत उभे केले. त्यांची नावे, वये आणि कुळ वाचून दाखवण्यात आले.

द्वारकाबाईने मान वाकडी करून पाहिले. “ही कोणाची कार्टी? माझी तर अजून अंड्यात आहेत.” आणि पहिल्याच्या टाळूवर तिने चोच मारली.

“बाईंना विषय समजलेला नाही,” करकोचेराव म्हणाले. “मी थोडक्यात समजावून सांगतो.”

त्यांनी मातृत्वाच्या उगमापासून सुरुवात केली. ऊन उतरले. ससे उठून गेले. पिल्ले थरथरू लागली. भाषण दुसऱ्या मुद्द्यावर आले तेव्हा समोरचे काही दिसेनासे झाले होते. साळुंकीमावशीने मागच्या बाजूने एकेक पिल्लू द्वारकाबाईच्या पोटाखाली ढकलले.

पोटाखाली काहीतरी वळवळले. द्वारकाबाई दचकली, पण तिने वाकून पाहिले नाही. एकवीस दिवसांच्या उबेने आपली अंडी फुटली, असे तिला वाटले असावे. तिने पंख थोडे पसरले आणि भाषण चालू असतानाच डोळे मिटले.

सकाळी चार डोकी पिसांतून बाहेर डोकावत होती. एकाच्या टाळूवर कालची खूण होती. द्वारकाबाई ती हलकेच चोचीने साफ करीत होती.

“वा,” करकोचेराव जवळ येत म्हणाले. “आमच्या भाषणाने ओळख पटली तर.”

द्वारकाबाईने पिसे फुलवली. “माझ्याच मुलांची मला कसली ओळख? तुम्ही कोण, ते मात्र कोणी सांगितले नाही. जरा लांब उभे राहा. लेकरे घाबरतात.”

तात्पर्य : अध्यक्षांना भाषण आवरते घेण्याची विनंती कधीही करू नये. ते बोलत राहतात, म्हणूनच अंधार पडेपर्यंत सभा टिकते आणि करावयाची कामे मागच्या बाजूने उरकून घेता येतात.