कोन्स्तान्साच्या कापेला मी पाणी लावलं

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता मी कोन्स्तान्साची पायघोळ कापा गरम पाण्यात भिजत घातली. पाणी तीनदा कोळशासारखं काळं झालं, तीनदा बदललं. दहा वाजता कापा गॅलरीतल्या दोरीवर होती. धुणं मला जमतं आणि शिवणाचं तर विचारूच नका! आमच्या बेटावरच्या मिंदेलू बंदरात माझ्या आईइतका बारीक टाका कोणी घालत नाही, आणि आईनंतर माझाच नंबर लागतो.

कोइंब्रात शिकायला येऊन मला अठरा दिवस झाले होते. या गावातले रस्ते फक्त वर जातात. खाली उतरणारा रस्तासुद्धा दोन वळणांनंतर विचार बदलतो. विद्यापीठाची घंटा उजाडल्यापासून आपल्याला उशीर झाल्याचं सांगत राहते. आणि खिडक्या बंद. मिंदेलूत मी बाजाराला निघाले की पंधरा खिडक्यांतून पंधरा जणी विचारायच्या, कुठं निघालीस, काय आणणार, आई बरी आहे का. तेव्हा वैताग यायचा. इथे अठरा दिवसांत एकाही खिडकीनं मला काही विचारलं नाही. शेवटी चढ चढताना मीच स्वतःला विचारू लागले, कुठं निघालीस गं इवांद्रा?

विचारपूस केली ती फक्त शेजारच्या खोलीतल्या कोन्स्तान्सानं. ती कायद्याच्या चौथ्या वर्षाला. मला ताप आला तेव्हा तिनं तीन दिवस सूप पाजलं, आपली रजई मला दिली आणि स्वतः कापा पांघरून झोपली. इथले विद्यार्थी खांद्यावरून टाचेपर्यंत घेतात ती ही काळी, लोकरीची कापा. शुक्रवारी कोन्स्तान्सा ती खिळ्याला अडकवून डोंगरातल्या आपल्या गावी गेली. मग मी कापा नीट पाहिली. उंदरांची पंगत उठून गेलेली घोंगडी बरी दिसली असती. काठाला अकरा ठिकाणी फाटलेली, वर वाइनचे डाग. बिचारीला सुई धरायला सवड नसेल. शनिवारचा अख्खा दिवस बसून मी सगळं शिवलं. रविवारी धुतलं.

दोरीखालून तीन विद्यार्थी चालले होते. ते थांबले, त्यांनी वर पाहिलं आणि एकानं छातीवर क्रूस काढला. मी हात हलवला. अठरा दिवसांत पहिल्यांदाच कोणी वर पाहिलं होतं.

पाच मिनिटांत घरमालकीण दोना एर्मिनिया काखेत पाव धरून, धापा टाकत वर आल्या. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं. कोणी नाही, मी धुतली, असं मी सांगितलं. त्या पावासकट खुर्चीत बसल्या.

मग मला कळलं. कापा एकदा अंगावर आली की तिला पाणी लावायचं नसतं, तो अपशकुन. आणि ती फाटत नाही, फाडतात. डावीकडे घरच्यांनी, उजवीकडे मित्रांनी. प्रत्येक आवडत्या माणसानं आपल्या हातानं, नाहीतर दातानं.

"मग उसवते ना मावशी," मी म्हणाले.

"उसव की. पण तिचे आजोबा एप्रिलमध्ये गेले. दोनच दात उरले होते बापड्याचे, त्यांनी फाडली होती."

मी कापा उतरवून कात्री घेतली. टाके सापडेनात. माझाच टाका, मलाच दिसेना. त्यात गरम पाण्यानं लोकर आटली होती, काठ एकजीव झाला होता. मी आईला फोन लावला. टाका दिसतो का, हा तिचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर ती शाब्बास म्हणाली. मग मी सगळं सांगितलं.

"तुझ्या उशीचा अभ्रा मी अजून धुतला नाहीये," आई म्हणाली. मग लोकरीला गरम पाणी घालतं का कोणी, हेच शिकवलं का तुला, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

सहा वाजता कोन्स्तान्सा आली. माफी मागायच्या सतरा तऱ्हा मी पाठ केल्या होत्या, एकही आठवली नाही. तिनं कापा नाकाशी धरली. साबणाचा वास आला असणार. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे ओरडतात आणि जेवायच्या आत विसरतात. ती नुसती बसली आणि डोळे मिटून काठ चाचपू लागली.

"दिवसभर बसून केलंस हे?"

मी मान हलवली.

"किती सुरेख शिवलंयस गं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तेव्हापासून वर्ग सुटले की आम्ही दोघी खिडकीशी बसतो. अर्धी कापा तिच्या मांडीवर, अर्धी माझ्या. ती बोटांनी चाचपते, मी भिंग धरते. मंगळवारपर्यंत दहा जागा उसवून झाल्या. ही आईची, ही भावाची, ही त्या उनाड रोमेउची, असं ती सांगत जाते आणि मधेच त्यांच्या गोष्टीही सांगते. आजोबांची तेवढी राहिली. आईच्या फाटीपासून वीतभर वर, असं तिला आठवतं. पण लोकर आटल्यापासून वीत वीतभर राहिलेली नाही. मी फाडून देते, असं दोना एर्मिनिया म्हणाल्या. त्यांचे दात शाबूत आहेत. आम्ही नको म्हटलं.

आज गुरुवार. काल पाच वाजता तिचं बोट डाव्या काठावर एका जागी थांबलं.

"इथे," ती म्हणाली.

मी भिंग धरून पाहिलं, उजेडाकडे नेऊन पाहिलं, आज सकाळी परत पाहिलं. तिथे टाका आहे की नाही, हे मला अजून सांगता आलेलं नाही.