आप्पासाहेबांचं बसल्या जागी स्थलांतर

फाल्गुनातल्या एका मंगळवारी सकाळी, चिंचखांड येथील प्रतिष्ठित शेतकरी आप्पासाहेब हे आपल्या ओट्यावर बसून चहा पीत असताना त्यांचं स्थलांतर झालं. बशीतला चहा सांडला नाही, ओटा जागचा हलला नाही, आणि शेजारी बसून मेथी निवडणाऱ्या त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी मान वर करूनही पाहिलं नाही. स्वतः आप्पासाहेबांना ही गोष्ट दोन दिवसांनी कळली, आणि तीही टँकरच्या ड्रायव्हरकडून.

दुसऱ्या कोणाला याचं एवढं वाटलं नसतं. पाथर्डी तालुक्याच्या या कोरड्या अंगाला दिवाळी सरली की निम्मी गावं ऊसतोडीला बाहेर पडतात. बायकापोरं, भांडीकुंडी, शेळ्या असं सगळं ट्रकमध्ये चढतं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला उतरतं. चिंचखांडच्या गावठाणापलीकडची मजुरांची वस्ती दरवर्षी अशीच रिकामी होते. ट्रक निघाला की आप्पासाहेब ओट्यावरून हात हलवत आणि तो वळणाआड गेला की दरवर्षीचं वाक्य म्हणत, "आमच्या घरातलं कोनी कंदी कोयता धरून शिवंबाहेर गेलं न्हाई." ते स्वतः आयुष्यात तीनदाच बाहेरगावी मुक्कामाला राहिले होते: स्वतःच्या लग्नात, मुलीच्या लग्नात आणि मुतखड्यासाठी. अशा माणसाला सरकारदरबारी स्थलांतरित ठरवणं म्हणजे थट्टेची परिसीमा झाली.

झालं असं. गावाची पाण्याची सिमेंटची टाकी आप्पासाहेबांच्या ओट्याला लागून आहे. ती नेमकी तिथेच कशी आली हा जुना विषय आहे. ठरावात 'मध्यवर्ती ठिकाण' असे शब्द आहेत. विहिरी आटल्या की टँकर येतो, टाकीत रिकामा होतो आणि हंड्यांची रांग लागते. त्या गुरुवारी मात्र टँकर ओट्यासमोरून तसाच पुढे, थेट वस्तीच्या रस्त्याला लागला.

"आरं छगन! डोळं फुटलं का? टाकी हितं हाय!"

छगनने टँकर थांबवला आणि खाली उतरून मोबाईल पुढे धरला. "आप्पा, गावठानात मानूसच न्हाई."

"मंग मी कोन हाय?"

"तुमी गेलाय." छगनने नावावर बोट ठेवलं. "हे बगा, मंगळवारी गेलाय. समदं गावठान गेलंय. नावाम्होरं 'स्थलांतरित' लिव्हलंय."

"कुटं गेलोय?"

"ते न्हाई लिव्हलेलं. वस्ती तेवढी जाग्यावर हाय, म्हनून पानी वस्तीवर."

"वस्तीवर दाराला कुलपं हायत, लेका! समदी उसाला गेल्यात!"

"कुलपं असतील. नावं हायत. तिथनं फोटू टाकल्याबिगर माजी खेप लागत न्हाई." एवढं बोलून छगनने गाडी चालू केली. माणूस वाईट नव्हता, पण आप्पासाहेबांना पाहत असूनही ते नाहीत असं त्याला मोबाईलने लेखी दिलं होतं.

आतून मनकर्णाबाई म्हणाल्या, "अवो, गेलाच हाय तर येताना दोन हंडं भरून आना."

आपण गेलेलो नाही हे सांगायला आप्पासाहेबांना जावंच लागलं. शुक्रवारी ते जीपने तिसगावला गेले. तिथे बाजारपेठेत खतांच्या दुकानाच्या माडीवर 'टंचाई विदा संक्रमण कक्ष' होता आणि कक्षात सुमंत होता. सुमंतच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी कागद सांभाळण्याची रीत. त्याच्या वाट्याला कागद संपल्यानंतरचा काळ आला होता. तो नम्र होता, प्रामाणिक होता आणि समोरचा माणूस रडकुंडीला आला तरी त्याचा आवाज चढत नसे.

"आपण नेमके कुठून कुठे गेलात ते मी सांगतो," सुमंत म्हणाला. "टँकरच्या गावांची सगळी माहिती जुन्या प्रणालीत होती, आवृत्ती दोनमध्ये. मंगळवारी ती आम्ही आवृत्ती पाचमध्ये नेली."

"तीन आन् चार?"

"त्या चाचणीत टिकल्या नाहीत. तर नेताना प्रत्येक माणसाचा जुना पत्ता आणि नवा पत्ता ताडून पाहायचा, असा नियम. आवृत्ती दोनमध्ये आपला जिल्हा अहमदनगर. आवृत्ती पाचमध्ये अहिल्यानगर. संगणकाच्या दृष्टीने आपण जिल्हा बदललात. जिल्हा बदलला की स्थलांतर."

"आवो साहेब, जिल्ह्याचं नाव बदललं! मी ओट्यावरच हुतो!"

"मला मान्य आहे," सुमंत म्हणाला, आणि ते त्याला खरोखरच मान्य होतं. "पण तसा रकाना नाही."

"आन् वस्तीवरली? त्यांचा जिल्हा न्हाई का बदलला?"

"त्यांची अंगठ्याची पडताळणी राहिली. माणसं जागेवर नव्हती ना. आणि जी म्हातारी माणसं होती त्यांचे अंगठे कोयत्याने इतके झिजलेले, की यंत्राला उमटेचनात. पडताळणी नाही म्हणून तुलना नाही, तुलना नाही म्हणून बदल नाही. त्यामुळे ती सगळी कायम रहिवासी."

आप्पासाहेबांनी हे दोनदा मनात फिरवून पाहिलं. गावात होते ते गेले होते, आणि गेले होते ते गावात होते. त्यात कुठेही गणित चुकलेलं दिसेना, म्हणून ते अधिकच घाबरले. पाऊस यायला अजून तीन महिने होते आणि तोवर टँकर ओट्यासमोरून असाच जाणार होता.

"मंग मला माघारी आना," ते म्हणाले.

त्याची सोय होती. सुमंतने 'परतलेल्या स्थलांतरितांची नोंद' उघडली. पहिला प्रश्न स्थलांतराच्या साधनाचा होता: ट्रक, टेम्पो, बैलगाडी, इतर.

"इतर," आप्पासाहेब म्हणाले.

"तपशील लागेल."

"ओटा."

सुमंतने 'ओटा' असं टंकलं. संगणकाने ते विनातक्रार घेतलं. पुढे 'परतण्याचा जिल्हा' आला आणि तिथे सुमंतचा हात थांबला. त्याने वर-खाली शोधलं, चष्मा पुसला, पुन्हा शोधलं.

"अडचण अशी आहे आप्पासाहेब, की परतायचं म्हणजे जिथून निघालात तिथे, अहमदनगरला. आणि नव्या आवृत्तीत ते नाव यादीत नाही. तुम्हाला परत पाठवायला आमच्याकडे जिल्हाच शिल्लक नाही."

एवढ्यावर सुमंतने त्यांना सोडून दिलं असतं तर तो कारकून कसला? त्याने स्थळपाहणीची शिफारस केली, आणि नियमाप्रमाणे स्थळपाहणीला तो स्वतःच सोमवारी चिंचखांडला आला. पारावर दीडेकशे माणूस जमलं होतं. सुमंतने मोबाईलवर पाहणी सुरू केली. 'स्थलांतरित कुटुंबाच्या बंद घराचा फोटो' मागितला होता, म्हणून त्याने मनकर्णाबाईंना एक मिनिट दार लोटून घ्यायची विनंती केली. जमलेल्या माणसांसाठी एकच पर्याय उघडत होता: 'परजिल्ह्यातून आलेले पाहुणे'. त्याने दीडशे पाहुण्यांची नोंद केली.

मनकर्णाबाईंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला. "साहेब, घरात कोनी न्हाई तर ह्यो च्या केला कोनी?"

"चहा उत्तम झालाय, काकू," सुमंत म्हणाला. चहासाठीही रकाना नव्हता.

"लई पानी घातलं न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हुतं कुटं?"

इकडे वस्तीवर पाण्याचा सुकाळ झाला होता. मागे राहिलेल्या चारपाच म्हाताऱ्या, त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडं, आणि त्यांच्यासाठी रोज दोन टँकर. छगनने वस्तीवरची जुनी टाकी भरली, बॅरल भरले, शेळ्यांची कुंडी भरली, आणि तरी उरलं तेव्हा फोटो काढून बाकीचं बाभळीला सोडलं. बाभळ फाल्गुनात हिरवीगार दिसू लागली. गावठाणातल्या बायका हंडे घेऊन वस्तीकडे जाऊ लागल्या. हा रस्ता त्यांच्या पायांखालचा नव्हता, त्यामुळे पहिल्या दिवशी दोघी चुकल्या.

चौथ्या दिवशी मनकर्णाबाईंची कंबर धरली आणि हंडा आप्पासाहेबांच्या खांद्यावर आला. वस्तीवरच्या टाकीशी भीमाबाई बसली होती. नवऱ्यामागे तीस वर्षं ऊस तोडून तिचे अंगठे यंत्राला न उमटण्याइतके गुळगुळीत झाले होते, आणि त्याच पुण्याईवर ती आता वस्तीची कायम रहिवासी होती.

"यादीत नाव हाय का, आप्पा?" भीमाबाईने विचारलं.

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. ते पाहून ती पदर तोंडाला लावून हसली. "भरा वो. गंमत केली. पानी काय आमच्या बापाचं हाय? आन् तुमाला काय नवं हाय का ते? इतकी वर्सं आमच्या नावचं पानी तुमीच पेत आलाय."

"आमी?" आप्पासाहेब दचकले.

"मंग? टँकर समद्या गावाच्या नावाचा यायचा. आमची मानसं दिवाळीला जायची, नावं हितंच ऱ्हायची. टाकी तुमच्या ओट्याला. आमी म्हाताऱ्या हंडं घिऊन येस्तवर तळ दिसायचा. मंग जायचं वढ्यात झरा खांदायला." ती हे इतक्या सहज बोलली की त्यात राग शोधूनही सापडला नसता. "भरा, भरा. वाईच हळू उचला, कंबर जाईल."

हंडा घेऊन येताना आप्पासाहेबांना लाज वाटली. खरोखर वाटली, उगाच खोटं का सांगा? ओढ्याच्या कडेला ते क्षणभर थांबलेही. पण हंडा भरलेला होता आणि ऊन चढलं होतं, तेव्हा लाज फार वेळ खांद्यावर ठेवणं शक्य नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सुमंतचा फोन आला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात आनंद होता. "आप्पासाहेब, अभिनंदन! आवृत्ती पाच पूर्णांक एक आली. जिल्ह्याच्या नावाची चूक गेली. शिवाय कारखान्यांच्या टोळ्यांच्या याद्याही जोडल्यात. आता जो गावात आहे तो गावात दिसेल, आणि जो गेलाय तो गेलेला दिसेल. शंभर टक्के बिनचूक."

"लई बेस झालं!" आप्पासाहेब म्हणाले. "म्हंजी टँकर पैल्यासारका?"

"पहिल्यापेक्षा नेमका. पाणी माणशी. निम्मं गाव बाहेर आहे, तेव्हा दोनाऐवजी एक खेप. त्यातला वस्तीतल्यांचा वाटा वस्तीवर उतरेल, बाकीचा तुमच्या टाकीत."

आप्पासाहेब ओट्यावर बसले.

"साहेब," ते म्हणाले, "इतकं बिनचूक नगं. ती जुनी आवृत्ती माघारी मिळंल का?"

"दोन? अहो, ती तर चुकांनी भरलेली होती! बाहेर गेलेली माणसं गावात दाखवायची."

"ती चूक न्हवती," आप्पासाहेब ठामपणे म्हणाले. "ती वहिवाट हुती."

गुरुवारी तातडीची ग्रामसभा भरली. संगणकाच्या मनमानीविरुद्ध भाषणं झाली. यंत्राला माणुसकी नसते, असं तिघांनी सांगितलं. 'गाव एक आहे, त्यात वस्ती आणि गावठाण असा भेद करणारी आवृत्ती आम्हांस मान्य नाही' या वाक्याला टाळ्या पडल्या. आवृत्ती दोन जशीच्या तशी परत आणावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. उपस्थितांच्या पुस्तकात वस्तीवरच्याही सर्व बाप्यांच्या सह्या होत्या; ते त्या वेळी कर्नाटकात ऊस तोडत होते, पण गणसंख्येसाठी दरसाल असायचे तसे याही सभेला हजर होते. भीमाबाई दाराशी उभी होती. तिचा अंगठा उमटत नाही म्हणून तिला मोजलं नाही.

ठराव गेला तसे आजूबाजूच्या गावांचेही गेले. इतक्या गावांचा एवढा एकमुखी आग्रह कक्षाला डावलता येईना. सुमंतने जड मनाने सारं काही आवृत्ती पाच पूर्णांक एकमधून पुन्हा दोनमध्ये नेलं. पाडव्याच्या आधी, एका सकाळी टँकर ओट्यासमोर येऊन थांबला. भरून आलेल्या आप्पासाहेबांनी छगनच्या पाठीवर थाप मारली.

रांगेच्या शेवटी रिकामा हंडा घेऊन भीमाबाई उभी राहिली. वस्तीची टाकी चार दिवसांत आटली होती आणि बाभळही पुन्हा बाभळीसारखी दिसू लागली होती. आप्पासाहेबांनी तिला पाहिलं. ओढ्याच्या कडेची ती लाज अजून कुठेतरी शिल्लक असावी, कारण ते उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ए, सरका! भीमाबाईला आदी भरू द्या."

रांगेतल्या माणसांना गहिवरून आलं. असं मन पाहिजे, असं जो तो म्हणाला. भीमाबाईने आपला एक हंडा भरला, आप्पासाहेबांना हात जोडले आणि ती वस्तीच्या रस्त्याला लागली.

कक्षात सुमंत अजून आहे; आता रेशनकार्डाच्या दुरुस्त्याही तोच पाहतो. बिनचूक आवृत्ती त्याने पुसलेली नाही. कोणी मागायला आलं तर असावी म्हणून जपून ठेवली आहे. आप्पासाहेबांना हसून झालं असेल तर आपण एक करावं. घरातलं रेशनकार्ड काढावं. लग्न होऊन सासरी गेलेली बहीण, पुण्यात फ्लॅट घेतलेला भाऊ आणि फोटोला हार घातलेले आजोबा यांपैकी कोण कोण अजून आपल्याकडे जेवायला आहे, ते मोजावं. मग दुरुस्तीचा अर्ज घेऊन तिसगावला जावं. सुमंत सकाळी दहापासून बसलेला असतो, आणि रांग अजिबात नसते.