बिबट सुटल्याची चाचणी

आमच्या संगणकातून एक आकडासुद्धा बाहेर जाऊ शकत नाही, असं मी अख्ख्या गोरेगावात सांगून ठेवलं होतं. किराणावाल्याला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, सासरेबुवांना तर दोनदा सांगितलं! नागपूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्यापासून मी, दुर्गेश रहांगडाले, आमच्या प्राणी बचाव केंद्राचा माहिती सुरक्षा अधिकारी झालो होतो. त्याआधी मी तिकीट खिडकीवर बसायचो. अजूनही बसतोच म्हणा. पण अधिकारी म्हणून बसतो.

केंद्र आमचं लहान. झुमरी नावाची एक लंगडी बिबट मादी, दोन अस्वलं, सात चितळं, आणि एक अजगर, जो जिवंत आहे की नाही हे ठरवायला लोक अर्धा अर्धा तास उभे राहतात. शेजारी दोन खोल्यांचं संग्रहालय: जुने नांगर, धान मोजायच्या पायल्या, मोहाच्या टोपल्या.

"साहब, चोर कम्प्यूटर से क्या ले जाएगा? अजगर?" आमचा चौकीदार कुंजीलाल विचारायचा.

"डेटा नेईल, कुंजीलाल, डेटा!"

"वो तो अपने पास है ही नहीं."

असल्या अडाणीपणाला औषध म्हणून मी चाचणी घ्यायचं ठरवलं. निमित्तही होतं. संगणकांची सुरक्षा तपासायला नागपूरहून गुंजन मॅडम येणार होत्या. त्यांचा शेरा वाईट आला तर केंद्राची मान्यता अडकणार आणि प्राणी दुसऱ्या जिल्ह्यात हलवावे लागणार, असं सचिव पटले सरांनी बजावलं होतं. म्हणाले, "दुर्गेश, तुझ्या भरोशावर आहे सगळं." मी छाती इतकी फुगवली की शर्टाचं वरचं बटण तुटलं!

आदल्या दिवशी मी एकवीस कर्मचाऱ्यांना झाडाखाली बसवून तासभर भाषण दिलं. अनोळखी लिंक दाबायची नाही. दाबा म्हणून कोणी कितीही घाबरवलं तरी दाबायची नाही. चोर हुशार असतो. आधी घाबरवतो आणि मग 'घाबरू नका, सगळं ठीक आहे' असा गोड निरोपही तोच पाठवतो. त्या गोड निरोपावर तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही!

झुमरीला सांभाळणारी रुख्माबाई पुढेच बसली होती. झुमरी दरेकशाच्या डोंगरात मांजरीएवढी सापडली, तेव्हापासून रुख्माबाईनंच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तिनं हात वर केला. "सर, मले वाचता येत नाई. मी काय करू?"

"माझ्या नावानं आलेला निरोप असेल तर तेवढा शेजारच्या पोरीकडून वाचून घे. बाकी सगळे सोडून दे," मी ऐटीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी केंद्राला सुटी, सगळे आपापल्या घरी; सकाळी अकराला मी चाचणीचा निरोप तयार केला. निरोप झणझणीत हवा, नाहीतर कोण फसणार? मी लिहिलं: 'तातडीचे! झुमरी बिबट पिंजऱ्यातून सुटली आहे. कुठे आहे ते पाहण्यासाठी खालील लिंक दाबा. – दुर्गेश रहांगडाले.' लिंक दाबली की पान उघडणार: 'तुम्ही फसलात! ही चाचणी होती. बिबट जागेवर आहे.' आहे की नाही डोकं? दाबणारा फसणार, पण शहाणाही होणार. मग 'कोणाला पाठवायचे' या प्रश्नापुढे 'सर्व' वर खूण केली आणि बटण दाबलं.

पाच मिनिटं झाली. कर्मचाऱ्यांच्या यादीत कोणाच्याही नावापुढे लिंक दाबल्याची खूण आली नाही. एकवीसपैकी एकानंही नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हटलं, काय शिकवलं मी!

तेवढ्यात बायकोचा फोन आला. योगेश्वरी घाईघाईनं म्हणाली, "अहो, कुठे आहात? ऑफिसचं दार लावून घ्या!"

"का?"

"काऊन काय? बिबट सुटली म्हणून तुम्हीच तर कळवलं! माझ्या आईलाही आलाय तुमचा मेसेज."

सासूबाईंना? फोन कानाला तसाच धरून पडद्यावर पाहिलं. 'सर्व' म्हणजे फक्त कर्मचारी नव्हे. 'सर्व' म्हणजे कर्मचारी आणि शिवाय तीन वर्षांत तिकीट खिडकीवर ज्यांनी ज्यांनी मोबाईल नंबर दिला ते सगळे. तीन हजार चारशे बारा! आणि ते नंबर एकेक करून कोणी लिहून घेतले होते? मीच. अधिकारी व्हायच्या आधी.

कुंजीलालच्या मते आपल्याकडे नसलेला डेटा तो हाच.

आता म्हणाल, त्यांनी लिंक दाबली की खरं कळेलच ना! मलाही तेच वाटलं. पण इतके लोक एकदम आल्यावर ते पान उघडेचना. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. त्यावर गावाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'बिबट ऑफिसात शिरलेली दिसते, सिस्टीम बंद आहे.' आणि माझे एकवीस शूर कर्मचारी? त्यांनी लिंक दाबली नाही, हे खरं. त्यांनी निरोप पुढे पाठवला! पुढे पाठवू नका, हे मी भाषणात सांगायचं विसरलो होतो.

मी लगेच खुलासा पाठवायला बसलो. यंत्रणेनं पासवर्ड मागितला. परवाच मी तो बदलून वीस अक्षरांचा केला होता, त्यात दोन चिन्हं, तीन आकडे आणि अजगराचं शास्त्रीय नाव. ते नाव कसं लिहितात हे मला एरवीही नक्की माहीत नसतं. तीन वेळा चुकलं. पडद्यावर अक्षरं आली: 'सुरक्षेच्या कारणास्तव खाते साठ मिनिटे बंद. अधिकाऱ्याशी संपर्क साधा.' खाली माझाच नंबर. लावून पाहिला नाही, एवढी अक्कल शिल्लक होती!

मग कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: 'घाबरू नका. सगळं ठीक आहे. बिबट जागेवर आहे.'

कुंजीलालचं उत्तर आलं: 'भाइयों, यही है वो मीठा मैसेज. सर का फोन हॅक हो गया. कोई विश्वास मत करना.' त्याखाली एकोणीस अंगठे!

मी मोटरसायकल काढली आणि गोरेगावच्या बाजारात गेलो. आठवडी बाजाराचा दिवस, एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी भाज्या होत्या, माणसं नव्हती. टमाटरांच्या ढिगावर एक बकरी एकटीच निवांत जेवत होती. मी भोंगेवाल्याकडून माईक घेतला आणि ओरडलो, "बिबट सुटली नाही! मी दुर्गेश रहांगडाले बोलतोय!"

एका बंद शटरच्या आतून आवाज आला, "ते फोनवरही तेच नाव होतं, जी!"

दुसरा आवाज बाईचा होता, अगदी शांत, शहरी. "रहांगडाले? मी गुंजन. तुमची तपासणी करायला आलेय. मी गेला पाऊण तास या दुकानात सोळा माणसं आणि एका सायकलीबरोबर उभी आहे. आपण जरा बोलू या का?"

शटर वर गेलं. मॅडमच्या ओढणीवर पिठाचा पंजा उमटला होता. त्यांच्या हातात मोबाईल आणि त्यावर माझा निरोप. मी एका दमात सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचे सगळे कर्मचारी सुखरूप आहेत का?"

आता सांगायला लाज वाटते, पण तोवर हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी माझी इज्जत वाचवत फिरत होतो.

एकेकाला फोन लावले. वीस जण सापडले. रुख्माबाईचा फोन तिच्या शेजारच्या पोरीनं उचलला. "मावशी धानाच्या रोवण्याले गेली होती. तुमचा मेसेज मीच वाचून देला. ऐकल्याबरोबर बांधीतून तशीच पळाली. संगं कोंबडी नेली. फोन इथंच राहिला."

"कुठे गेली?"

"झुमरीले शोधाले, केंद्रामागच्या नाल्याकडं, अजून कुठं? लोक काठ्या घेऊन निघाले, तिले मारून टाकतील म्हणत होती."

मी आणि मॅडम मोटरसायकलवरून केंद्रामागच्या नाल्याकडे निघालो. वाटेत काठ्या, कुऱ्हाडी घेतलेले लोक भेटत होते. वनविभागाची जाळीची गाडीही येऊन थांबली होती. प्रत्येकाला मी हात जोडून सांगत होतो, आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघून मॅडमना विचारत होता, "हे खरं बोलून राहिले का?"

नाल्याच्या पलीकडे, गुडघाभर चिखलात रुख्माबाई उभी होती. लुगडं कमरेला खोचलेलं, पाय अनवाणी, एका पोटरीतून रक्त येत होतं. काखेत कोंबडी. घसा पार बसलेला, तरी ती हाका मारत होती, "झुमरे! ये वो माय! मी हाओ! ये, घरी जाऊ!"

"रुख्माबाई," मी म्हटलं, "झुमरी सुटलेली नाही."

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "सर, आवाज करू नोका. तुमच्या आवाजानं भेल ते."

शेवटी मॅडम चिखलात उतरल्या, तिचा हात धरला आणि तिला पिंजऱ्यापाशी घेऊन आल्या. झुमरी फळीवर पडली होती, दुखरा पाय बाहेर लोंबत, पोट वरखाली होत. चांगली घोरत होती! रुख्माबाईनं जाळीला कपाळ टेकवलं आणि मटकन खाली बसली. कोंबडी सुटली आणि माझ्याच दोन पायांमधून पळाली. एरवी मी हसलो असतो.

रुख्माबाईनं पदरानं डोळे पुसले. "तुमी कायले असं लिवलं, सर?"

"चाचणी होती. परीक्षा."

"कोणाची?"

मी शेजारच्या पिंजऱ्यातल्या अजगराकडे बघत उभा राहिलो. त्यानं नेमकी तेव्हाच जीभ बाहेर काढली.

"दुसऱ्या कोणाचा निरोप असता तर मी मानली नसती," ती म्हणाली. "सरांचं नाव होतं म्हणून पळाली."

ऑफिसात आल्यावर मॅडमनी एक तक्ता माझ्यापुढे सरकवला. संस्थेच्या माहितीला असलेले धोके मोठ्यापासून लहानापर्यंत लिहायचे होते. मी पेन घेऊन बसलो. पहिल्या ओळीत काय लिहायचं, याचा मला एरवी किती विचार पडला असता! त्या दिवशी मुळीच पडला नाही. मी माझं नाव लिहिलं.

मॅडमनी वाचलं. "पदनामही लिहा," म्हणाल्या.

लिहिलं.

मान्यता राहिली. कर्मचाऱ्यांपैकी एकानंही लिंक दाबली नाही, हे मॅडमनी अहवालात कौतुकानं नोंदवलं. सुधारायला आम्हाला तीन महिने मिळाले, आणि गरज नसलेले सगळे नंबर मी पटले सरांच्या समोर पुसले. शेवटचा नंबर जाईपर्यंत त्यांनी खुर्ची सोडली नाही. पण खरं सांगतो, त्यांची मला एवढी लाज वाटली नाही.

रुख्माबाईला तोंड दाखवायची हिंमत होईना, म्हणून मी फोनवर लांबलचक माफी लिहून पाठवली. दिवसभर एकच टिक. दुसऱ्या दिवशीही एकच. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं पिंजऱ्यापाशी गेलो. ती झुमरीचं पाणी बदलत होती, पायाला पट्टी.

"माझा निरोप मिळाला का?"

"ब्लॉक केलं जी तुमाले. पोरीनं करून देलं. काय म्हणाचं ते तोंडानं म्हणा."

म्हटलं. तिनं ऐकून घेतलं, बादली रिकामी केली आणि म्हणाली, "बरं. आता बाकीच्या वीस घरी जाऊन हेच म्हणा. त्यांचे माणसंही दिवसभर घाबरून होते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी एकेका घरी जातोय. लोक चहा देतात, पाठीवर हात ठेवतात, आणि निघताना दारात हळूच विचारतात, "पण सर, खरं सांगा, सुटली होती ना?" सतरा घरं झाली. उरलेली तीन माझ्या सासूबाईंच्या आळीत आहेत. म्हणून जरा हिंमत गोळा करून राहिलो.