माझ्या निरोपाचा भोंगा

वाशिमात दिवस कोणाच्या हुकमानं उगवायचा असं विचाराल, तर माझ्या. बढाई मारत नाही, होतं तेच सांगतो. रेल्वे फाटकापलीकडच्या कापसाच्या जिनात मी भोंगा वाजवायचो. हंगाम सुरू झाला की सगळं गाव माझ्या हातात. सकाळी मी साखळी ओढली की माणसं कामाला लागायची, दुपारी ओढली की जेवायची, संध्याकाळी ओढली की घरी जायची. सासवा सुनांना माझ्या भोंग्यावरून बोलायच्या. गुरुजी शाळा भोंग्यावर सोडायचे. कचेरीतले कारकूनसुद्धा साहेबाच्या घड्याळापेक्षा मलाच मान द्यायचे, कारण साहेबाचं घड्याळ मागं चालायचं.

मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा मी या जिनात सरकीची पोती उचलायला लागलो. थोरल्या शेठनी मला बॉयलरवर आणलं, तिथून भोंग्यावर. पुढं दुसरीकडं कुठं जावं असं कधी वाटलंच नाही. मानमोडीच्या साथीत माझी बायको तुळसाबाई अंथरुणाला खिळली, तेव्हा थोरल्या शेठच्या घरून रोज दुधाचा तांब्या यायचा. थोरले शेठ गेले, त्यांचे चिरंजीव गोविंदसिंग गादीवर बसले. हे गोविंदसिंग लहान असताना भोंगा वाजला की माझ्या पायाला मिठी मारायचे. आता तेच मला म्हणाले, "काका, लय झालं आता. आराम करा."

जपानची लढाई पेटली होती त्या वर्षीचा माघ महिना. जिनाच्या अंगणात मांडव घातला. बेत असा ठरला की दुपार कलली की मुकादम सरकी काढायचे रेचे बंद करणार, सगळ्यांना मांडवात बसवणार, शेठ माझ्याबद्दल दोन शब्द बोलणार, आणि सगळं आटोपल्यावर सुट्टीचा भोंगा मी शेवटचा वाजवणार. बेत चांगलाच होता. मला फक्त एवढंच वाटलं, की नवरदेव मांडवात येतो तेव्हा वाजंत्री लागते, मग मी मांडवात मुक्यानं कसा शिरू? भोंगा आधी वाजला पाहिजे. एकच, पण असा लांबलचक, की रिसोडपर्यंत कळावं जानराव सेवेतून मोकळा झाला म्हणून.

हे मी फक्त युसूफभाईला सांगितलं. युसूफभाई बॉयलरचा माणूस. इतकी वर्षं आम्ही एकाच वाफेत शिजलो.

त्यानं डोक्याला हात लावला. "जानरावभाऊ, असं नका करू. लोकायले वाटन सुट्टी झाली."

मी म्हणालो, "लोकं काय येडे हायेत? समोर मांडव दिसून राह्यला त्यायले."

आणि साखळी ओढली.

काय वाजला म्हणता भोंगा. माझा मलाच गहिवर आला. डोळे मिटून मी पार वाफ उतरेपर्यंत साखळी धरून ठेवली. डोळे उघडून अंगणात आलो, तर अंगण रिकामं. रेच्यांवरच्या बाया पदर झटकत फाटकाबाहेर पडत होत्या. त्यांना मांडव दिसला नव्हता असं नाही. त्यांना वाटलं कार्यक्रम रद्द झाला, घरी जा. सगळ्यांच्या मागून हिरीबाई चालली होती, ती जाताजाता मलाच विचारून गेली, की जानरावभाऊ, आज दिवस इतक्या लवकर कसा काय बुडाला?

तिकडं गावातही घोळ सुरू झालाच होता. गुरुजींनी शाळा सोडली. कारकुनांनी दप्तरं बांधली. बायांनी संध्याकाळ झाली म्हणून चुली पेटवल्या, आणि बाहेर येऊन बघतात तर ऊन अजून अंगणात. कोणाला काही कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळेना.

एवढ्यात शेठ आले. डोक्याला केशरी फेटा, हातात जाडजूड हार. त्यांनी मांडव पाहिला, सतरंज्या पाहिल्या, आणि मला विचारलं, "काका, माणसं कुठं गेली?"

मी म्हणालो, "येऊन राह्यले, शेठ. तुमी बसा."

शेठ बसले. एकटेच. मी पळत बॉयलरकडं गेलो. माझा हिशेब सरळ होता. सकाळी एक लांब भोंगा वाजला की माणसं येतात, मग आताही वाजवला की येतील. युसूफभाई म्हणत होता, की सकाळी येतात ते सकाळ असते म्हणून. पण मला वाद घालायला सवड नव्हती. मी साखळीला हिसका दिला आणि ती वरच अडकून बसली. पुन्हा हिसका दिला. भोंगा थोडा ओरडला आणि गप्प झाला. मग आम्ही दोघंही लोंबकळलो. आम्ही लोंबकळलो की भोंगा ओरडायचा, सुटलो की थांबायचा. भों. भों. भों.

युसूफभाईनं एकदम साखळी सोडली. त्याचा चेहरा रुईसारखा पांढरा झाला होता. "जानरावभाऊ, हे तर आगीचं वाजून राह्यलं."

खरंच होतं ते. तुटक भोंगा म्हणजे जिनाला आग. रुईच्या गंजीला आग लागली तर अख्खा मोहल्ला जातो, म्हणून तुटक भोंगा ऐकला की हातातलं काम टाकून पाणी घेऊन धावायचं, हे गावातलं प्रत्येक माणूस जाणून होतं. आता माघारी फिरवायला माझ्या हातात काही उरलं नव्हतं. फाटकातून गाव आत घुसलं. बादल्या, घागरी, कळश्या, एकाच्या हातात तर डाळीचं पातेलं. कोणी म्हणत होतं गंजी पेटली, कोणी म्हणत होतं बॉयलर फुटला, आणि एक म्हातारा ओरडत होता की जपानी विमान येऊन गेलं, त्यानं स्वतः पाहिलं. त्यात अडकलेल्या भोंग्यातून सुटलेली वाफ सगळ्या अंगणात पसरलेली. लोकांना तो धूरच वाटला. धुरात मांडव दिसला, आणि गावानं सगळं पाणी मांडवावर ओतलं.

वाफ विरली तेव्हा मांडवाखाली खुर्चीवर शेठ बसलेले दिसले. फेट्याचा केशरी रंग गालावरून खाली उतरत होता. हार मात्र त्यांनी छातीशी घट्ट धरून ठेवला होता.

सारा जन्म ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घराच्या धन्याला मी निरोपाच्या दिवशी आंघोळ घातली. आता हा माणूस मला चार लोकांत काय बोलतो, याची मी वाट बघत उभा राहिलो. तो जे बोलेल तेच माझ्या नावाला चिकटणार होतं.

शेठ उठले. तोंड पुसलं. सगळं गाव एकदा डोळे भरून बघितलं. मांडवात मावणार नाहीत इतकी माणसं जमली होती. मग माझा हात धरून त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, ओला हार गळ्यात घातला आणि बोलायला उभे राहिले.

आता एक सांगतो. शेठचा आवाज मुळातच बारीक, आणि भोंग्याखाली जन्म काढलेल्या माणसाचे कान कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण समोर मी बघत होतो. बाया तोंडाला पदर लावत होत्या. गडीमाणसं दुपट्ट्यात तोंड लपवत होती. सगळ्यांचे खांदे हलत होते. हिरीबाईला तर उभं राहवेना, ती खालीच बसली. इतकं प्रेम करतात ही माणसं आपल्यावर? मलाही आवरेना. मी हारातच डोळे पुसले.

घरी जाताना युसूफभाईला विचारलं, शेठ काय बोलले. तो म्हणाला, मी तुमालेच विचारणार होतो.

घरी तुळसाबाई रिकामी घागर ठेवत होती. तीही आग विझवायला आली होती, आणि तिचे कान चांगले आहेत. मी पायावर पाणी घेतलं, जरा खाकरलो आणि विचारलं, "शेठ काय बोलले वं माह्याबद्दल?"

ती माझ्याकडं बघतच राहिली.

"तुमाले ऐकूच नाई आलं?"

"गर्दी होती ना."

तुळसाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचेही खांदे हलायला लागले.

"म्हणे, आमच्या जानरावकाकानं सारी उमर काढली, पण एक डाव सुदा चुकीच्या टायमाले भोंगा वाजवला नाई."